झाडूवरचं लग्न

लेक्सिंग्टन, केंटकी
२६ ऑक्टोबर १८६२

जुबल,

कॅनडातल्या चॅटमहून पाठवलेलं तुझं ऑगस्टअखेरचं पत्र काल हाती पडलं. मधे महिनाभर बंडखोरांची फौज गावात ठाण मांडून होती, टपाल बंद होतं. तेव्हा मी त्यांचे करडे शर्ट धुतले. आता सरकारी फौज परत आली आहे, तर निळे धुते. कॉलरला मळ दोघांच्याही सारखाच बसतो.

चार पानांचं पत्र. इस्त्री तापेपर्यंत वाचून काढलं. त्यात तुझ्या बायकोबद्दल, डॉर्कसबद्दल, दोन ओळी, लेक तामारबद्दल एक, आणि बाकी पानंच्या पानं राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मनात काय आहे यावर. अरे, मला काय विचारतोस? मी त्यांचे कपडे धूत नाही.

तू लिहितोस की त्यांनी वर्तमानपत्रात उघड छापून सांगितलं: मला देश एक ठेवायचा आहे, गुलामांना सोडून तो एक राहत असेल तर सोडीन, न सोडता राहत असेल तर नाही सोडणार. "अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा, केझाया?" नको ठेवूस. कुणी सांगितलंय? ते आम्हीही वाचलं, चर्चच्या मागच्या बाकांवर बसून. एकाने वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. म्हातारा हेझकाया म्हणाला, "म्हणजे आपण काय, पुलाच्या फळ्या? देश पलीकडे पोचला की ठेवल्या काय नि काढल्या काय!" सगळे हसले आणि आपापल्या कामाला गेले. इथे प्रत्येकाला काम असतं, जुबल. तुझ्यासारखं केशकर्तनालय आणि दर गुरुवारची वादसभा आमच्या नशिबात नाही.

त्यानंतर त्यांनी आणखी एक जाहीर केलंय. नव्या वर्षापासून बंडात असलेल्या मुलखातले गुलाम मुक्त. आता केंटकी बंडात आहे कुठे? आपले कर्नल हेझलरिग तर मुळीच नाहीत. घराच्या पडवीवर देशाचा झेंडा लावतात, मळला की माझ्याकडे धुवायला पाठवतात. "देश फुटता कामा नये" म्हणून जेवणाच्या टेबलावर मूठ आपटतात, आणि त्याच टेबलावर डॉर्कस त्यांना वाढत असते.

आता कामाचं ऐक. कर्नलची मधली मुलगी पडुकाला दिली आहे, पार पश्चिमेला नदीकाठी. तिला पोरं सांभाळायला एक पोरगी हवी आहे. कर्नल म्हणाले, "तामार दहाची झाली की पाठवून देतो." डॉर्कस तेव्हा रस्सा वाढत होती. तिच्यासमोरच म्हणाले, लोणी इकडे सरकव म्हणावं तसं. पोरगी आता सातची आहे. तू पळालास तेव्हा ती डॉर्कसच्या कडेवर होती आणि तू म्हणाला होतास, वर्षभरात दोघींना नेतो.

ओहायो नदीच्या पलीकडे, सिनसिनाटीला येऊन उभा राहा. अलीकडच्या काठापर्यंत त्यांना आणणं माझ्याकडे लागलं. माझ्याजवळ मुक्त बाईचे कागद आहेत, मी धोबीण आहे, गाठोडी घेऊन कुठेही जाते. गाठोड्यात काय आहे ते अजून कुणी विचारलेलं नाही. फक्त तारीख कळव. राष्ट्राध्यक्षांच्या मनाचं आपण नंतर बघू.

तुझी थोरली बहीण,
केझाया


१८ जानेवारी १८६३

जुबल,

जिंकलास बाबा. राष्ट्राध्यक्षांचं घोषणापत्र आलं आणि त्यात केंटकी नाही. जिथे त्यांचं राज्य चालत नाही तिथले गुलाम मुक्त, आणि जिथे चालतं तिथले आहेत तसेच. कर्नल पडवीत उभे राहून शेजाऱ्याला म्हणाले, "माणूस शहाणा आहे. आम्हाला दुखवायचं नाही हे त्याला कळतं." तुझं पत्रही तेच म्हणतं, फक्त रागाने. तुम्हा दोघांचं इतकं पटेल असं वाटलं नव्हतं.

पण पत्रात तू पुढे जे लिहिलंस ते लिहायला नको होतंस.

रविवारी डॉर्कस आली होती. कर्नलच्या शेतावरची अंडी आणि डुकराचं खारवलेलं मांस गावात पोचवायला गाडी येते, तिच्यात बसून. रॅन्सम गाडी हाकतो. आठवतो ना, कोठारात दोरखंडासाठी वाख झोडपायचा, दिवसभरात चार शब्द बोलायचा? अजून तितकेच बोलतो. डॉर्कस बसली आणि म्हणाली, "वाच."

मी गाळून वाचायला लागले. ती म्हणाली, "गाळू नकोस. तू गाळतेस तेव्हा तुझा आवाज गोड होतो."

मग वाचलं सगळं. तू सिनसिनाटीला येणार नाहीस. ज्या देशाचा प्रमुख तुला माणूस म्हणून नव्हे, तर बंडखोरांविरुद्धचं हत्यार म्हणून मोकळं करतो, त्या देशाच्या मातीला तू पाय लावणार नाहीस. आणि डॉर्कसला निरोप काय, तर योग्य वेळ आली की तू तिच्याशी चर्चमध्ये, पाद्र्यासमोर, सही करून लग्न करशील. कारण नाताळात कर्नल व्हिस्कीचा पेला घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या करमणुकीसाठी तुम्ही दोघांनी गुलामांच्या लग्नाच्या रीतीने झाडूवरून उडी मारली, त्याला तू लग्न मानत नाहीस. ती मालकाची गंमत होती.

डॉर्कसने माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कोण होते गं?"

मी म्हणाले, "अगं, त्याला तसं म्हणायचं नाही. तुझा मान राखावा, नीट सगळं करावं..."

"तो पळाला तेव्हा कर्नलनी मला चाबकाने फोडलं. का? तर बायकोला ठाऊक असणार नवरा कुठे गेला ते. तेव्हा नाही कुणी म्हणालं, जाऊ द्या, गंमत होती!"

तुझी बाजू घेऊन घेऊन माझं तोंड दुखायला लागलंय. त्या झाडूचं एक टोक मी धरलं होतं. कर्नल हसत होते, खरं आहे. डॉर्कस हसत नव्हती. तूही हसत नव्हतास. बाहेर बर्फ पडत होतं आणि तुझ्या कपाळावर घाम होता. आता कॅनडात बसून तुला आठवतं ते फक्त कर्नलचं हसणं.

तुला सगळं स्वच्छ हवं. राष्ट्राध्यक्षांचं मन स्वच्छ हवं, लग्न स्वच्छ हवं, पायाखालची माती स्वच्छ हवी. मी जन्मभर कपडे धुते आहे, जुबल. स्वच्छ म्हणून जे येतं ते सगळं कुणीतरी घाण पाण्यात हात घालून केलेलं असतं. तू उंटावरून शेळ्या हाकतोस आणि शेळ्या इथे लांडग्याच्या दारात बांधलेल्या आहेत.

रॅन्समने दारातून हाक मारली, "चला. थंडी वाढतेय." गाडीत डॉर्कसच्या पायाशी त्याने गरम वीट फडक्यात गुंडाळून ठेवली होती. हे मी उगाच लिहिलं.

केझाया


३ जुलै १८६४

जुबल,

दीड वर्ष मी लिहिलं नाही याबद्दल तू रुसून बसला आहेस म्हणे. रुस. पण आज बातमी अशी आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

आता केंटकीतला कुणीही गुलाम मालकाला न विचारता फौजेत जाऊ शकतो आणि नाव लागलं की तो मुक्त. मालकाने आडवं यायचं काम नाही. रस्ते माणसांनी भरले आहेत. नांगर शेतात उभा सोडून माणसं चालायला लागली. हेझकाया म्हाताराही गेला होता, त्याला दात नाहीत म्हणून परत पाठवलं. काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागतो. केवढा चिडला होता! म्हणाला, "चाळीस वर्षं मालकाचं खाल्लं तेव्हा दात आहेत की नाहीत कुणी विचारलं नाही."

आपल्या कर्नलच्या शेतावरून आधी रॅन्सम गेला. एकदाही पळून जायचा प्रयत्न न केलेला माणूस. सकाळी गाडीला घोडं जुंपलं, कर्नलसमोर लगाम ठेवला आणि म्हणाला, "मी निघालो." कर्नलनी श्रीमुखात दिली. त्याने लगाम उचलून खुंटीला नीट टांगला आणि गेला. नदीकाठच्या छावणीत आहे. मी त्याला विचारलं, का रे गेलास? तुझ्या वादसभेत शोभेल असं काहीतरी सांगेल म्हणून वाट पाहत होते. म्हणाला, "बूट देतात."

झालं! हा त्याचा हेतू. तुझ्या तराजूत घालून बघ, काही वजन भरतं का.

तू विचारतोस की एवढं झाल्यावर तरी मला राष्ट्राध्यक्षांचं मन कळलं का. नाही कळलं. फौजेला माणसं कमी पडत होती म्हणून आमच्यासाठी दार उघडलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आधी देश वाचवायला आम्हाला बांधून ठेवलं, आता देश वाचवायला सोडतात. मलाही संताप येतो. पण दार उघडं आहे रे! ज्याने उघडलं त्याची कुंडली मांडत बसलं तर ते पुन्हा लागायचं.

तू ये. तू मुक्त माणूस आहेस, लिहिता वाचता येतं, सार्जंट करतील तुला. सैनिकाच्या बायकोला अजून कायद्याने काही मिळत नाही, ते खरं. पण निळ्या कोटातला नवरा फाटकात उभा राहिला तर कर्नल दहादा विचार करतील. तामार नऊची झाली आहे. पडुकाहून पत्रं येतात, पोरगी कधी पाठवता म्हणून.

डॉर्कस कशी आहे विचारलंस. बरी आहे. मे महिन्यात कोठारामागे एक छोटासा कार्यक्रम झाला, त्याला मी गेले होते. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तू ये, जुबल. पुढच्या महिन्यात नव्हे, आता.

केझाया


११ डिसेंबर १८६४

जुबल,

तुझं पत्र मी आज चुलीत घातलं. पुन्हा निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष गुलामी बंद करायला घटनेत दुरुस्ती करतात की नाही ते बघून तू ठरवणार. "त्यांचा हेतू तेव्हा सिद्ध होईल." ठरव. तोवर इकडे काय झालं ते ऐक.

रॅन्सम गेल्यावर कर्नलनी त्याचा राग कोठारात उरलेल्यांवर काढला. सप्टेंबरात डॉर्कस तामारला घेऊन तिथून निघाली आणि छावणीत गेली. तिथे का, असं तू विचारशील. छावणीत बायका कपडे धुतात, भाकऱ्या भाजतात, पै-पैसा मिळतो. शिवाय तिथे कर्नलचं चालत नाही. पुष्कळ बायका गेल्या, आपापल्या माणसांमागे. झोपड्या बांधल्या, चुली मांडल्या.

नोव्हेंबरच्या शेवटी छावणीच्या साहेबाचा हुकूम आला: बायका-पोरं बाहेर. माणूस फौजेचा, बायको मालकाची, तिने मालकाकडे जावं. त्या दिवशी बादलीतलं पाणी दगडासारखं झालं होतं. शिपायांनी सगळ्यांना गाड्यांत भरलं आणि मागे झोपड्या पाडून पेटवल्या. कुणाच्या अंगावर शाल, कुणाच्या तीही नाही. डॉर्कसने मला सांगितलं, "शिपाई रडत होता गं, आणि मला ढकलत होता." रस्त्याच्या कडेला सोडून दिलं. तिच्या शेजारच्या गाडीतलं एक लेकरू सकाळी उठलंच नाही.

रॅन्सम तिसऱ्या दिवशी त्यांना शोधत आला. एका मोडक्या सभागृहात सापडल्या. तामारला त्याने तीन कोस खांद्यावर घेऊन माझ्याकडे येणाऱ्या गाडीपर्यंत आणलं. थंडीने पोरीच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. मी स्वतः धरून बसले होते डॉक्टरने काढली तेव्हा. तिने माझा हात चावला. ती खूण मी तुला दाखवीन, तू कधी आलास तर.

आता उत्तरेच्या वर्तमानपत्रांनी बोंब मारली, वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी लाजलं, आणि हुकूम फिरला. छावणीत बायकांसाठी लाकडी घरं बांधताहेत. डॉर्कस आणि तामार परत तिकडेच गेल्या. मी म्हणाले, इथेच राहा. डॉर्कस म्हणाली, "इथे कर्नल दिवसाढवळ्या येऊन नेईल. तिथे निदान बंदुका आहेत."

तुझं नाव निघालं नाही. मी काढलं, तर तिने विषय बदलला. मी आणखीही काही लिहायला हवं, पण आज माझ्याच्याने होत नाही. मला तुझा इतका राग आला आहे की लेखणी कागदातून आरपार जाते आहे.

केझाया


३० मार्च १८६५

जुबल,

शांतपणे वाच. बसून वाच.

या महिन्याच्या सुरुवातीला वॉशिंग्टनला कायदा झाला. जो आपला माणूस फौजेत आहे, त्याची बायको आणि मुलं मुक्त. मालक देशाशी कितीही इमानी असो. कायदा दयेपोटी झाला असं इथे कुणी म्हणत नाही. बायका थंडीत मरताना बघून नवी माणसं फौजेत यायची थांबली होती, ती यावीत म्हणून झाला. ते जाऊ दे. कायद्यात असंही लिहिलंय की लग्न राज्याच्या कायद्याने मानलेलं असो वा नसो, काही विधी झाला असेल तर ते लग्न धरावं. म्हणजे काय कळलं का? झाडू आता देशाच्या कायद्यात आला आहे.

आणि आता तुला सांगते ते मी गेल्या मे महिन्यापासून लपवलं. कोठारामागे जो कार्यक्रम झाला तो डॉर्कस आणि रॅन्समचा होता. तुझ्या त्या पत्रानंतर तिने वर्षभर वाट पाहिली. मग मला म्हणाली, "मी लग्नाची नाही असं ज्याने ठरवायचं त्याने ठरवलंय. आता मी काय ते ठरवते." मी झाडू धरायला नाही म्हणू शकले नाही. म्हणायचं मनातही आलं नाही.

कायदा झाल्यावर रॅन्सम तिला आणि तामारला घेऊन छावणीतल्या कचेरीत गेला, मुक्तीचे कागद करायला. कर्नल आधीच येऊन बसलेले. त्यांच्या वकिलाने कायदा नीट वाचला होता. मला साक्षीला बोलावलं होतं. राज्याच्या कोर्टात गोऱ्याविरुद्ध माझी साक्ष चालत नाही. छावणीत चालते.

टेबलापाशी ओहायोचा एक कोवळा लेफ्टनंट, सर्दीने नाक लाल झालेला. कर्नल उठून म्हणाले, "ही बाई आधीच विवाहित आहे. नवरा जुबल, माझ्याकडून पळून कॅनडात गेलेला. तो फौजेत नाही. लग्न माझ्या अंगणात झालं, मी हजर होतो. विधी झाला. एक ख्रिस्ती माणूस म्हणून मी ते लग्न पवित्र मानतो."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, इतक्या गोड आवाजातल्या नव्हत्या ऐकल्या.

लेफ्टनंट म्हणाला, "म्हणजे कर्नलसाहेब, हा नवा कायदा तुम्हाला मान्य आहे?"

"मुळीच नाही! तो घटनाबाह्य आहे."

"त्यातलं झाडूचं कलम तेवढं मान्य आहे."

कर्नलचा गळा लाल झाला. पण लेफ्टनंट माझ्याकडे वळला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, "बाई, चेष्टा बाजूला. यांचं म्हणणं खरं असेल तर पहिलं लग्न ते लग्न. मग ही रॅन्समची बायको ठरत नाही आणि मला तिला कागद देता येत नाहीत. तुम्ही तिथे होता का?"

बायबलवर माझा हात होता. डॉर्कसने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती तामारच्या केसातली गाठ सोडवत बसली होती. बाहेर कर्नलची गाडी उभी होती आणि गाडीत पडुकाला न्यायची छोटी पेटी ठेवलेली, येताना मी पाहिली होती. पोरगी दहाची झाली आहे.

मी म्हणाले, "होते, साहेब. पण ते लग्न नव्हतं. नाताळात कर्नलसाहेब पेला घेऊन उभे होते, त्यांच्या करमणुकीसाठी पोरांनी उड्या मारल्या. ती मालकाची गंमत होती. माझा भाऊ स्वतः तसंच म्हणतो."

तुझे शब्द, जुबल. मी एकही बदलला नाही.

कर्नल ओरडले, "खोटं बोलतेय ही!"

"तुम्ही हसला नव्हता का, साहेब?" मी विचारलं. आयुष्यात त्यांना विचारलेला माझा पहिला प्रश्न.

"आणि रॅन्समबरोबरचं?" लेफ्टनंटने विचारलं.

"ते लग्न. तिथे कुणी हसलं नाही."

त्याने लिहून घेतलं, नाक पुसलं आणि मान वर न करता म्हणाला, "मुलगी कुणाची?"

याचा मी विचारच केला नव्हता. इतक्या सगळ्या गोष्टींचा केला, पण याचा नाही. कायदा म्हणतो सैनिकाची बायको आणि सैनिकाची मुलं. तामार रॅन्समची नसेल तर डॉर्कस एका दाराने मोकळी जाणार आणि पोरगी दुसऱ्या दाराने त्या गाडीत. रॅन्सम म्हणाला, "माझी." लेफ्टनंट म्हणाला, "मी बाईंना विचारतोय." तामार माझ्याकडे बघत होती. तुझेच डोळे आहेत तिला, कुणाला बघायचं असतं तर दिसले असते. लेफ्टनंटला बघायचं नव्हतं. देव त्याचं भलं करो.

मी म्हणाले, "त्याची."

दोघींचे कागद झाले. रिकामी पेटी घेऊन गाडी परत गेली. रॅन्सम बाहेर येऊन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. डॉर्कस त्याच्या शेजारी बसून म्हणत होती, "पुरे की आता! कोट भिजतोय सरकारी."

आणि चार दिवसांनी तुझं पत्र आलं. घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये मंजूर झाली, राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, तुझी खात्री पटली. त्यांचं मन अखेर सिद्ध झालं. तू चॅटमचं दुकान विकलंस, तू येतो आहेस, फौजेत नाव घालणार आहेस म्हणजे डॉर्कस आणि तामार मुक्त होतील. मी पाद्र्याशी बोलून ठेवावं. डॉर्कसने पांढऱ्या कॉलरचा पोशाख शिवून घ्यावा.

वरातीमागून घोडं, जुबल. काय म्हणू तुला? मी पत्र वाचून हसले आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझं पत्र चांगलं होतं. पहिल्यांदाच त्यात डॉर्कस पहिल्या ओळीत होती. हे अडीच वर्षांपूर्वी आलं असतं तर मी ते उशाशी घेऊन झोपले असते.

आता नीट ध्यानात घे. केंटकीच्या विधिमंडळाने ती दुरुस्ती फेटाळली आहे. इतर राज्यं कधी मंजूर करतील कुणाला ठाऊक. तोवर डॉर्कस आणि तामार मोकळ्या आहेत त्या केवळ रॅन्समची बायको आणि रॅन्समची मुलगी म्हणून. कर्नलचा वकील छावणीभोवती माणसांना विचारत फिरतोय: जुबलचा पत्ता आहे का, जुबलचा शब्द मिळेल का. तू इथे येऊन एकदा, एका माणसाजवळ, पिऊन किंवा न पिता, म्हणालास की ती माझी बायको आणि ही माझी पोर, तर ती पेटी पुन्हा गाडीत चढेल.

तू विचारशील, मी असं का केलं? डॉर्कससाठी, पोरीसाठी, की तुझ्यावर सूड म्हणून? मी स्वतःला विचारलं. तिन्ही असावं. कशाचा वाटा किती ते मला सांगता येत नाही, आणि खरं सांगू, त्या खोलीत ते कुणी विचारलंही नाही. तिथे एवढंच विचारलं, हो की नाही. वॉशिंग्टनच्या त्या माणसाला रोज असंच कुणीतरी विचारत असेल. तुझी क्षमा मी मागत नाही. पण मला वाईट वाटतं, जुबल. तू माझा धाकटा भाऊ आहेस आणि तुझं घर मी माझ्या तोंडाने दुसऱ्याला दिलं.

मला तू हवा आहेस. म्हणून सांगते, ये. पण काका म्हणून ये. रॅन्समला सांगितलं की तू येतो आहेस. त्याने वाकून बुटाची नाडी बांधली, मग म्हणाला, "येऊ दे. एक खुर्ची जास्त आहे." डॉर्कसला विचारलं, काही निरोप? ती म्हणाली, "त्याला सांग, चर्चमधलं लग्न मला आवडलं असतं." आणि पाणी आणायला गेली.

तामार दारात बसलेली असेल. ती जरा लंगडते, पण कुणी नवा माणूस आला की आधी तीच उठून पुढे येते. ती तुला विचारेल, तुम्ही कोण. जुबल, तिला उत्तर द्यावं लागेल, आणि ते खोटं असलं पाहिजे. तेवढं जमणार असेल तरच नदी ओलांड.

तुझीच,
केझाया